अजून एक फेरा

१

मास्तरांची सकाळ नखांपासून सुरू व्हायची. खिडकीपाशी खुर्ची ओढायची, मांडीवर जुना रुमाल पसरायचा आणि उजव्या हाताची चार नखं बारीक पॉलिशपेपरवर एकेक करून घासायची. करंगळीला या कामात सुट्टी. गिटार वाजवणाऱ्याचा आवाज त्याच्या नखांत असतो. नख जरा खडबडीत राहिलं की तार कुरकुरते, आणि माणसाचा कान जे सोडून देतो ते मायक्रोफोन सोडत नाही. डाव्या हाताची नखं मात्र मुळापासून कापलेली, कारण त्या बोटांनी तारा दाबायच्या असतात. त्यांची बायको म्हणायची, "उजवा हात नवरीचा, डावा माळ्याचा. लग्नात मी कुठला धरला होता, देव जाणे."

बायकोला जाऊन सात महिने झाले होते.

नखं झाली की घर गप्प करायचं. हे खरं तर तिचं काम, आता तेही मास्तरांकडे आलं होतं. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढायचा. नळ घट्ट करायचे. फ्रिज बंद करायचा, कारण त्याची घरघर थेट टेपवर उतरते. बंद केलेला फ्रिज पुन्हा चालू करायचं दोघांच्याही लक्षात राहत नसे. दोनदा दूध नासलं, तेव्हा तिने एक युक्ती काढली. फ्रिज बंद केला की आपला चष्मा काढून आतल्या कप्प्यात ठेवायचा. "चष्म्याशिवाय माझं पान हलत नाही," ती म्हणायची, "तेव्हा विसरायची सोयच नाही." म्हणजे मास्तर वाजवत असेपर्यंत ती बिनचष्म्याची, भिंतीला हात लावत, अनवाणी घरभर फिरायची.

समोरच्या सुतारालाही तिनेच सांगून ठेवलं होतं. दहा ते अकरा तो करवत बंद ठेवायचा. ती गेल्यावरही त्याने तो तास मोडला नव्हता.

मागची खोली पूर्वी अडगळीची होती. चारही भिंतींना जुन्या गाद्या उभ्या बांधलेल्या. एक खुर्ची, एक मायक्रोफोन, आणि टेबलावर दोन रिळांचं जुनं टेपचं मशीन. खोली एवढीशी, की दार आत उघडायला जागाच नव्हती. ते बाहेर, पॅसेजमध्ये उघडायचं. दार लावलं की खालच्या फटीत टॉवेलची वळकटी.

आणि एक नियम. टेप फिरायला लागली की हाक मारायची नाही, कडी वाजवायची नाही, खोकायचंसुद्धा नाही. अगदीच जिवावरचं काही असलं तर दारावर एक नख. एकदाच. टक्. मास्तर थांबतील. एकतीस वर्षांत तिने ते चारदा केलं. एकदा गॅस सुटला होता. एकदा मुलगी जिन्यावरून पडली होती. एकदा तिचे वडील गेल्याचा फोन आला होता. आणि चौथ्यांदा मास्तर धडपडत बाहेर आले, तर ती नुसतीच उभी, डोळे भरलेले.

"काय झालं?"

"काही नाही. फार छान वाजवत होतात, म्हणून सांगावंसं वाटलं."

"हे कारण झालं? पुन्हा असं वाजवलंस तर दार उघडणार नाही."

ती हसली होती. म्हणाली, "बरं, नाही वाजवत. तुमच्या सवतीला त्रास नको." गिटारला ती सवत म्हणायची.

त्यानंतर तिचं नख कधी वाजलं नाही. निदान मास्तर तसं सांगत.

२

चाळीस वर्षं मास्तरांनी मुलांना गिटार शिकवली. स्वतःच्या धुना मात्र त्यांनी कुणाला फारशा ऐकवल्या नव्हत्या. नऊ होत्या. नुसती गिटार, गाणं नाही, सोबतीला दुसरं वाद्य नाही. एक धून सुताराच्या करवतीच्या लयीतून आली होती. दुसरी, मुलगी लहानपणी जिना उतरायची त्या उड्यांतून. धून सुचली की ते ती महिनोन्‌महिने पोटात ठेवत, आणि मग कधीतरी बोटं आपणहून तिथे जात.

नववी धून बायकोच्या चालण्यातून आली होती. बिनचष्म्याची ती पॅसेजमधून यायची, दोन पावलं, मग थांबणं, हात भिंतीवर, पुन्हा दोन पावलं. मास्तर आतून ती चाल ओळखायचे. तिला मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही, की ही तुझी आहे म्हणून. रेकॉर्ड निघाली की सांगू, असं मनात होतं.

रेकॉर्ड काढायचं मुलीने जमवलं. ती दोन तासांवरच्या शहरात राहायची. तिथल्या एका छोट्या कंपनीतल्या माणसाला तिने आठ धुना ऐकवल्या आणि तो हो म्हणाला. आता शनिवारी ती टेपा न्यायला येणार होती. फक्त नववीचं घोडं अडलं होतं.

"बाबा, नववी झालेली आहे," ती फोनवर म्हणाली. "आई गेली त्या दिवशीच तर तुम्ही ती टेप केली. डबा मी पाहिलाय. मग रोज नव्याने काय वाजवताय?"

"त्या टेपमध्ये बाहेरचा आवाज आलाय."

"येऊ दे. आईने ऐकलेलं ते शेवटचं वाजवणं आहे. मला तेच हवंय."

"बघू."

"बघू म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शनिवारी मी तीच टेप नेणार."

मास्तरांनी फोन ठेवला. ती टेप जाऊ नये म्हणून तर ते महिनाभर धडपडत होते. नवी टेप जुनीहून सरस झाली असती तर प्रश्नच मिटला असता. पण नव्या टेपेत प्रत्येक वेळी एकाच जागी बोटं अडकत होती. धून संपायला थोडं राहिलं असताना, शेवटच्या फेऱ्याच्या तोंडाशी. हात हवेत थांबायचा, कशाची तरी वाट पाहिल्यासारखा.

जुन्या टेपवर त्या जागी एक आवाज होता. दाराबाहेर काहीतरी पडल्याचा.

बायको स्वयंपाकघरात, सिंकपाशी पडली, असं मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं होतं. मी आत वाजवत होतो, मला काही ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला होता. "लगेच गेल्या असतील. कळलंही नसेल त्यांना." तिचा चष्मा सापडेना म्हणून मुलीने सगळं घर पालथं घातलं होतं. तिसऱ्या दिवशी तो बंद फ्रिजमध्ये, नासलेल्या दुधाशेजारी सापडला.

खरं एवढंच होतं, की मास्तरांना तो आवाज ऐकू आला होता. त्यांना वाटलं, एखादं पातेलं पडलं. धून अशी लागली होती, जशी जन्मात एकदा लागते. आता संपतच आली आहे, संपवूनच उठू. वाजवून संपल्यावर त्यांनी डब्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, चार मिनिटं दहा सेकंद. आवाजानंतर चाळीस सेकंद. सात महिने ते हे मनाशी घोळवत होते. चाळीस सेकंदांत कुणी मरत नाही, आणि कुणी वाचतही नाही. एवढं ओझं घेऊन माणूस जगू शकतो.

बुधवारी त्यांनी सात महिन्यांत पहिल्यांदा ती टेप लावली. बोटं जिथे अडतात तिथे त्या दिवशी आपण काय केलं होतं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं.

धून सुरू झाली. दोन पावलं, थांबणं. साडेतीन मिनिटांना तो आवाज आला. मास्तरांनी डोळे मिटले. मग शेवटचा फेरा. मग सूर हळूहळू विरला आणि टेपचं टोक रिळावर फटफट करायला लागलं.

त्यांनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं पन्नास सेकंद.

३

"पट्टा ढिला झाला असेल," मशीनवाला म्हणाला. तो मास्तरांचा जुना दोस्त. त्या मशीनचा प्रत्येक स्क्रू त्याने निदान एकदा तरी हरवला होता. "पट्टा ढिला की टेप रेंगाळते. चारचे पाच व्हायला कितीसा वेळ."

"टेप रेंगाळली तर सूर उतरेल ना?"

"उतरणारच."

"सूर उतरलेला नाही."

मशीनवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी सूर लावायचा काटा गुडघ्यावर आपटला, टेपवरच्या पहिल्या सुराशी धरला. दोन्ही एकजीव. केसाचाही फरक नाही.

मशीनवाला खाली बसला, मागचं झाकण उघडलं, नवा पट्टा चढवला, मशीनच्या पोटात तेलाचे दोन थेंब सोडले. मग आपलं घड्याळ हातात धरून टेप लावली. साडेतीन मिनिटांना त्याने मान वर केली.

"काय हो पडलं ते?"

"गल्लीत काहीतरी."

"गल्लीत? जवळचं वाटतंय." टेप संपली तसं त्याने घड्याळ मास्तरांच्या नाकासमोर धरलं. "चार मिनिटं दहा सेकंद. मशीन ठणठणीत आहे, मास्तर. मालक तपासून घ्या."

मास्तर कसनुसं हसले.

दारात चपला घालताना मशीनवाला थांबला. "एक सांगू? वाजवलंयत मात्र असं, की काळजात घर करतं. पुन्हा कशाला वाजवत बसताय? वहिनी असत्या तर त्यांनीही हेच सांगितलं असतं."

"हो," मास्तर म्हणाले. "तिने सांगितलं असतं."

तो गेल्यावर त्यांनी रीळ हातात घेतलं. प्रत्येक धून ते कापून वेगळ्या छोट्या रिळावर गुंडाळत, पुढे मागे कोरी टेप ठेवत नसत. जाडी पाहायची त्यांची रीत साधी होती. पेन्सिलीने रिळाच्या प्लास्टिकवर एक रेघ मारायची, टेप कुठपर्यंत भरली आहे तिथे. त्यांनी रेघ मारली आणि रीळ डब्यात ठेवलं.

४

गुरुवारी सकाळी टेप रेघेच्या बाहेर आली होती. फार नाही. नखाच्या जाडीएवढी.

मास्तर बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. गरमीने फुगली असेल. पेन्सिल तिरकी धरली गेली असेल. म्हाताऱ्या डोळ्यांचा काय भरवसा. त्यांनी नखं घासली, घर गप्प केलं, आपला चष्मा फ्रिजमध्ये ठेवला, आणि घड्याळ डोळ्यांजवळ धरून टेप लावली.

साडेतीन मिनिटांना तो आवाज. मग शेवटचा फेरा. पण या वेळी फेरा संपताना गिटार थांबली नाही. तिने तोच फेरा पुन्हा उचलला.

ही मास्तरांचीच सवय होती. धून लागली की शेवट त्यांना सोडवत नसे. विद्यार्थ्यांनाही ते सांगत, गोड लागलं तर अजून एक फेरा घ्यावा, फुकट असतो. टेपवरचा माणूस फेरा घेत होता. दुसरा. तिसरा. प्रत्येक आधीच्याहून हळुवार, आधीच्याहून सुंदर. मास्तरांना स्वतःचाच हेवा वाटला, आणि पाठोपाठ लाज वाटली.

तिसऱ्या फेऱ्यातल्या थांबण्याच्या जागी, दोन पावलांच्या मधल्या रिकाम्या जागेत, टक् झालं.

त्यांनी टेप थांबवली. मागे घेतली. पुन्हा लावली. टक्.

तार पट्टीवर आपटली असेल. उजव्या हाताचं नख गिटारच्या लाकडावर लागलं असेल. पण चाळीस वर्षांत त्यांचं नख लाकडाला लागलं नव्हतं. असा विद्यार्थी दिसला तर ते त्याला घरी पाठवत. आणि लाकडावरचं नख जवळ वाजलं असतं. हे लांबून येत होतं, कापडातून गाळून आल्यासारखं. खालून, जिथे टॉवेलची वळकटी असते तिथून.

पुढे आणखी दोन फेरे होते. त्यात आणखी एकदा टक् झालं. आधीपेक्षा मंद. नियमाप्रमाणे एकदाच वाजवायचं होतं. दुसऱ्यांदा वाजवणारीला कळत असणार, की आपण नियम मोडतो आहोत.

टेप संपली तेव्हा सात मिनिटं झाली होती.

मास्तरांनी डब्यावरचं आपलं अक्षर पाहिलं. चार मिनिटं दहा सेकंद. हे लिहिलं तेव्हा समोर घड्याळ होतं का? भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढलेला. मनगटावरचं घड्याळ वाजवताना ते कधी घालत नसत. मग हा आकडा आला कुठून? मशीनवाल्याने मोजला तेव्हाही एवढाच भरला होता, हे खरं. पण मशीनवाला त्या दिवशी खोलीत नव्हता. मास्तर होते.

ते बाहेर आले. फ्रिज चालू करायचं विसरले. संध्याकाळपर्यंत चष्मा शोधत राहिले.

५

शुक्रवारी त्यांनी टेप लावली नाही. दार पाहिलं.

बाहेरच्या बाजूने, पॅसेजमध्ये मांडी घालून बसले आणि दाराचा खालचा भाग निरखू लागले. जमिनीपासून वीतभर उंचीवर रंग खरवडला होता. चार बारीक ओरखडे, एकाखाली एक, शेवटचा जवळजवळ उंबऱ्याला टेकलेला. केरसुणीने झाले असतील. खुर्ची सरकवताना लागली असेल. मास्तरांनी उजव्या हाताच्या बोटाचं नख वरच्या ओरखड्यात ठेवलं. जाड होतं, बसलं नाही. त्यापेक्षा लहान, पातळ नखाचा तो ओरखडा होता.

तिथून उठून ते स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. चौदा पावलं. मनात पुन्हा तेच वाक्य म्हटलं, ती सिंकपाशी पडली होती. हे वाक्य इतक्यांदा सांगून झालं होतं, की त्याला आता चित्रही चिकटलं होतं. सिंक, नळ, ओली फरशी. पण चित्रातली फरशी कोरडी होती आणि तिचे पाय पॅसेजकडे होते. कुणीतरी काखेत हात घालून ओढत आणल्यासारखे सरळ, एकत्र. पाणी पाजायला नेलं, मास्तर मनाशी म्हणाले. पाण्याजवळ न्यायलाच हवं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

मग ते खोलीत गेले. ते रीळ मशीनवर चढवलं आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. एक बटण. कोरी टेप कुणाला काही सांगत नाही. मुलीला म्हणता आलं असतं, चुकून पुसली गेली, वय झालं माझं. ती चार दिवस रुसली असती, बस.

बोट दबलं नाही.

आपण का दाबत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तिची आठवण म्हणून नाही. ते वाजवणं त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं होतं, म्हणून. आजही. एवढं सगळं कळल्यावरही.

त्यांनी हात मागे घेतला तेव्हा नजर रिळावर गेली. टेप पेन्सिलीच्या रेघेपासून बोटभर बाहेर आली होती. अकरा मिनिटं तरी असतील. त्यांनी ती ऐकली नाही. ऐकायची गरज नव्हती. पुढे काय आहे, हे त्यांच्या उजव्या हाताला माहीत होतं. मांडीवर पडल्या पडल्या बोटं शेवटचा फेरा घेत होती.

६

शनिवारी साडेनऊला मुलगी आली. आल्या आल्या पडदे सरकवले, ओटा पुसला आणि बापाला नीट न्याहाळलं.

"बाबा, जेवता की नुसतं वाजवता?"

"दोन्ही."

"गालावरून दिसतंय कुठलं जास्त ते."

टेपा भरायला तिने पिशवी आणली होती. आठ डबे एकेक करून आत गेले. नववा तिने हातात ठेवला. "हा ऐकूनच नेणार. आणि हो, त्या कंपनीतल्या माणसाने आणखी एक मागितलंय. एक मिनिटाची रिकामी टेप."

"कसली रिकामी?"

"खोलीची शांतता. कुणी वाजवायचं नाही, बोलायचं नाही, नुसती टेप फिरवायची. दोन धुनांच्या मधे ती लावतात म्हणे. नाहीतर मधली जागा मेल्यासारखी वाटते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, असं तो म्हणाला."

"बरोबर आहे त्याचं," मास्तर म्हणाले.

मुलीने घड्याळातला सेल काढला. नळ पिळून बघितले. सुताराची करवत गप्प झाली. फ्रिजचं बटण बंद करून तिने आपल्या पर्समधून एक चष्म्याचं घर काढलं.

"तुझ्याजवळ असतो तो?" मास्तरांनी विचारलं.

"नेहमी. आज आईचाच ठेवते." तिने आईचा चष्मा आतल्या कप्प्यात ठेवला आणि दार लोटलं.

खोलीत दोघं जेमतेम मावली. तिने दार ओढून घेतलं, वाकून टॉवेल फटीत सारला. लहानपणी आईबरोबर हे काम तीच करायची. मग नववी टेप लावली.

मास्तर खाली मान घालून बसले. त्यांनी घड्याळ घातलं नव्हतं. साडेतीन मिनिटांना तो आवाज झाला, तशी मुलीने भुवया उचलल्या. एकच फेरा झाला. सूर विरला. टोक फटफटलं.

मुलीने डोळे पुसले. "संपली. चार मिनिटं, डब्यावर लिहिलंय तेवढीच. बाबा, हीच जाणार. तो आवाज राहू दे. आपल्या घरचा आहे." मग हसली. "तुमचा हात मात्र हलला नाही हं. आई म्हणायचीच, घर कोसळलं तरी मास्तर धून संपवून बाहेर येतील."

"असं म्हणायची?"

"अभिमानाने म्हणायची."

 सगळं पार पडलं होतं. टेप चार मिनिटांची होती. मुलीने ऐकली होती, तिला काही कळलं नव्हतं आणि आता कधी कळणारही नव्हतं. आपण गप्प राहिलो की झालं. एक मिनिट.

७

मुलीने कोरं रीळ चढवलं, बोटाने एक-दोन-तीन केलं आणि टेप सोडली. मशीनवरचा लाल दिवा लागला.

दोघं गप्प. गाद्यांनी बाहेरचं सगळं पिऊन टाकलं होतं. मास्तरांना आपल्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. मुलगी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होती. दहा सेकंद. वीस. खोलीची शांतता खरोखरच वेगळी होती. ती रिकामी नव्हती. श्वास धरून ठेवल्यासारखी होती.

टक्.

मास्तर मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिले. हे मला एकट्याला ऐकू येतं, त्यांनी मनाशी म्हटलं. टेपही मला एकट्यालाच लांब वाटते. म्हातारपण आहे. अपराधी माणसाला पान हललं तरी पाऊल वाजल्यासारखं वाटतं. अजून तीस सेकंद.

त्यांनी डोळे वर केले. मुलीची मान दाराकडे वळली होती. कडीकडे नाही. खाली, टॉवेलकडे.

लहानपणच्या सवयीने तिने आधी ओठांवर बोट ठेवलं. टेप चालू आहे, हलायचं नाही. मग तिच्या कपाळावर आठी आली. घरात कोण आहे? ओठ नुसतेच हलले.

टक्. पहिल्यापेक्षा मंद, आणि पहिल्यापेक्षा खाली.

टॉवेलची वळकटी थोडीशी हलली. पलीकडून कुणीतरी हळूच टेकावं, तशी.

मुलगी उठली. टेप बिघडू नये म्हणून पावलंही न वाजवता दारापाशी गेली आणि कडीवर हात ठेवला. ती आता दार ढकलणार होती, जोरात, नेहमीसारखं. मास्तरांना ते दिसलं, आणि तोंडातून शब्द निघून गेले. त्यांना कळायच्या आधीच, फिरत्या टेपवर.

"हळू ढकल, बाळ. ती दाराला टेकून आहे. तिला लागेल."

मुलीचा हात कडीवरच राहिला. ती वळली नाही.

"बाबा," ती म्हणाली. "आई तर स्वयंपाकघरात पडली होती ना?"

लाल दिवा जळत होता. दोन्ही रिळं शांतपणे फिरत होती. मास्तर खुर्चीवरून उठले. खुर्ची करकरली. एकतीस वर्षांत टेप चालू असताना खुर्चीचा हा पहिला आवाज.

"नख वाजलं होतं," ते म्हणाले. "मला ऐकू आलं. एकदा नाही. मी म्हटलं, अजून एक फेरा घेतो आणि उठतो. मग अजून एक घेतला. किती घेतले, मला खरंच माहीत नाही, पोरी."

मुलीने कडीवरचा हात काढून घेतला. ती मागे सरली, गादीला पाठ लागेपर्यंत. बापाकडे तिने पाहिलं नाही. तिची नजर दाराच्या खालच्या कडेवरून हलत नव्हती.

"उघडा," ती म्हणाली. "तुम्ही उघडा."

मास्तरांनी टॉवेल बाजूला केला. कडी काढली. उजव्या हाताचा तळवा दारावर ठेवला आणि ढकललं.

दार जड होतं. ते आधी हललंच नाही. मग इंचाइंचाने सरकू लागलं, त्या दिवशीसारखंच, पलीकडचं वजन फरशीवरून हळूहळू मागे सारत.